श्वासाएवढा ताण
सजीव पेशींना ताणून पाहणाऱ्या सूक्ष्मयंत्रांची ओळख

श्वासोच्छ्वास ही क्रिया आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती अडखळण्याची वेळ आल्याखेरीज तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. आपल्या योगपरंपरेत माणसाच्या एका अहोरात्रीच्या श्वासांची संख्या २१,६०० मानलेली आहे. मिनिटाला पंधरा श्वास या हिशेबाने चोवीस तासांची बेरीज नेमकी तेवढीच येते. आणि विश्रांत अवस्थेतील निरोगी प्रौढ माणसाचा श्वसनाचा वेग मिनिटाला १२ ते २० असतो, असे आधुनिक वैद्यकही सांगते. म्हणजे दिवसातून वीसेक हजार वेळा आपली फुप्फुसे फुगतात आणि पूर्ववत होतात. आणि त्यांच्याबरोबर त्यांतील सजीव पेशीही ताणल्या जातात व सैलावतात.

या ताणाचा विचार माझ्या मनात प्रथम आला तो एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात. माझी नेमणूक तेव्हा महाराष्ट्राबाहेर होती. वडील काही दिवसांसाठी माझ्याकडे आले होते आणि तेथेच त्यांना तीव्र न्यूमोनियाने गाठले. त्यांना कृत्रिम श्वसनयंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर, ठेवावे लागले. डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : “वडिलांची उंची किती?” वजन नव्हे, उंची! मी सांगितली, १६५ सेंटिमीटर. थोड्या वेळाने यंत्राच्या पडद्यावर ‘३७०’ हा आकडा दिसू लागला. एका श्वासात इतके मिलिलिटर हवा द्यायची, असा त्याचा अर्थ होता.

आकड्यांत वावरणाऱ्या माणसाला आकडा दिसला की प्रश्न पडतो. निरोगी माणूस एका सहज श्वासात सुमारे पाचशे मिलिलिटर हवा आत घेतो, असे शाळेत शिकल्याचे मला स्मरत होते. मग ज्याला हवेची अधिक गरज, त्यालाच कमी का? माझी शंका ऐकून डॉक्टर शांतपणे म्हणाले, “हवा कमी पडल्याने जसे नुकसान होते, तसे फुप्फुस अधिक ताणले गेल्यानेही होते. आजारी फुप्फुसातल्या पेशींना किती ताण सोसवेल, हे पाहूनच हवा द्यावी लागते.”

वडील बरे होऊन घरी आले. तो प्रश्न मात्र माझ्या मनात राहून गेला. पेशीला ताण सोसवतो की नाही, हे पाहतात तरी कसे? डोळ्यांना न दिसणारी पेशी चिमटीत धरून ओढणार कोण? मी वाणिज्य शाखेत शिकलेला. जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपलेला. तरीही जिज्ञासेपोटी जे वाचले, समजून घेतले, ते आपणा वाचकांपुढे ठेवीत आहे.

बशीतली पेशी आणि शरीरातली पेशी

शरीराबाहेर पेशी जगवण्याची विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली बेडकाच्या भ्रूणातील चेतातंतू शरीराबाहेर, एका थेंबात वाढवून दाखवले. पुढे काचेच्या आणि नंतर प्लास्टिकच्या उथळ बश्यांमध्ये पेशी वाढवणे हे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतील नित्याचे काम झाले. लसी, औषधे, कर्करोगाचे संशोधन या सर्वांचा पाया या बश्यांनी घातला.

परंतु या बशीत एक उणीव होती. तिचा तळ कठीण असतो आणि ती हलत नाही. शरीरात मात्र जवळजवळ काहीच स्थिर नसते. हृदय मिनिटाला सत्तरएक वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्याबरोबर मोठ्या रोहिण्यांच्या भिंती काहीशा ताणल्या जाऊन पूर्वस्थितीवर येतात. आतडी लाटेसारख्या हालचालींनी अन्न पुढे सरकवतात. मूत्राशय भरते आणि रिकामे होते. चालताना हाडांवर, स्नायूंवर आणि स्नायुबंधांवर भार येतो. या सगळ्या अवयवांतील पेशी जन्मभर ओढल्या, दाबल्या आणि सोडल्या जात असतात.

हा ताण म्हणजे पेशींना केवळ सोसावा लागणारा त्रास, असे समजण्याचे कारण नाही. जर्मन शल्यविशारद जुलियस व्होल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले की, हाड आपल्यावर येणाऱ्या भारानुसार आपली रचना बदलते. जेथे भार अधिक तेथे ते बळकट होते. भार नाहीसा झाला की ते क्षीण होते. अंतराळात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या कंबरेच्या व मांडीच्या हाडांतील घनता दरमहा साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. त्यांना आहार उत्तम मिळतो, औषधोपचारही मिळतात. मिळत नाही तो फक्त भार. म्हणजेच ताण हा पेशींच्या दृष्टीने एक प्रकारचा संदेश आहे आणि त्या संदेशावाचून त्यांचे काम बिघडते.

आता बशीतल्या पेशीचा विचार करा. फुप्फुसातून काढलेली, ताणाची सवय असलेली पेशी आपण कठीण, निश्चल तळावर ठेवतो, वरून पोषक द्रव ओततो आणि तिला औषधाविषयी प्रश्न विचारतो. तिने दिलेले उत्तर खोटे नसते. पण ते अर्धे असण्याचा संभव फार मोठा असतो.

पेशीला स्पर्श कळतो कसा?

पेशीच्या आत प्रथिनांच्या बारीक तंतूंचा एक सांगाडा असतो. हे तंतू पेशीच्या पटलापर्यंत पोहोचतात आणि तेथील विशिष्ट प्रथिनांच्या साह्याने बाहेरील आधाराला घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे बाहेरचा आधार ताणला गेला की ती ओढ पेशीच्या अंतर्भागापर्यंत पोहोचते. उलट, पेशीही आपल्या आधाराला ओढत असते. १९८० साली अल्बर्ट हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन रबराच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर पेशी ठेवल्या. त्या पेशी सरकू लागल्या तेव्हा पापुद्र्यावर सुरकुत्या पडल्या! पेशीसारखी सूक्ष्म वस्तूही आपल्या पायाखालची जमीन ओढते, हे त्या सुरकुत्यांनी डोळ्यांना दाखवून दिले.

पेशीच्या पटलात काही सूक्ष्म दारे असतात. पटल ताणले गेले की ती उघडतात, बाहेरचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि पेशीला वार्ता मिळते. सस्तन प्राण्यांतील अशी दारे कोणत्या जनुकामुळे घडतात, याचा शोध अमेरिकेतील आर्डेम पाटापुटियन आणि त्यांचे सहकारी बर्ट्रांड कोस्ट यांनी घेतला. सूक्ष्म काचनळीने टोचले असता विद्युतसंकेत देणारी एक पेशी त्यांनी निवडली. त्यासाठी कारणीभूत असू शकतील अशा ७२ जनुकांची यादी केली आणि एकेक जनुक निष्क्रिय करून ते पाहू लागले. एकामागून एक जनुके बाद होत गेली, पण पेशीचा प्रतिसाद काही थांबेना. अखेर यादीतील बहात्तरावे जनुक निष्क्रिय केले तेव्हा पेशी टोचण्याला दाद देईनाशी झाली. दिवसअखेरीस रोजकीर्द जुळत नाही म्हणून एकेक नोंद तपासत जावे आणि चूक नेमकी शेवटच्या नोंदीत सापडावी, हा अनुभव आमच्या व्यवसायातील मंडळींना नवा नाही! २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधातील प्रथिनाला ‘पिएझो-१’ हे नाव मिळाले. दाब या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे. पाटापुटियन यांना २०२१ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार डेव्हिड जुलियस यांच्यासमवेत विभागून देण्यात आला.

बशीचा तळ रबरी झाला

पेशींना प्रयोगशाळेत ताणून पाहण्याची कल्पना पिएझोच्या शोधाहून जुनी आहे. १९८५ मध्ये अमेरिकेतील अल्बर्ट बेन्स आणि सहकाऱ्यांनी एका उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील युक्ती साधी होती. बशीचा तळ कठीण न ठेवता लवचीक करायचा, त्यावर पेशी वाढवायच्या आणि खालून हवा शोषून घ्यायची. हवा शोषली की तळ खाली ओढला जाऊन ताणतो आणि त्याला चिकटलेल्या पेशीही ताणल्या जातात. हवा सोडली की सारे पूर्ववत होते. हे चक्र संगणकाच्या आज्ञेनुसार मिनिटाला हवे तितक्या वेळा, दिवसचे दिवस चालवता येते.

येथे ‘टक्के ताण’ ही संज्ञा समजून घेणे सोयीचे होईल. दहा सेंटिमीटर लांबीची रबरी पट्टी ओढून अकरा सेंटिमीटर केली, तर ताण दहा टक्के झाला. मुद्दलावर व्याज काढावे तसाच हा हिशेब आहे. मूळ लांबी हे मुद्दल आणि वाढलेली लांबी हे व्याज.

अशा उपकरणांनी बरेच काही शिकवले. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी एकाच दिशेने पुनःपुन्हा ताणल्या, तर काही तासांत त्या आपली दिशा बदलतात आणि ताणाच्या रेषेला साधारण आडव्या होऊन बसतात, असे दिसून आले. स्थिर बशीत त्याच पेशी वाटेल त्या दिशेने पसरलेल्या असतात. परंतु या साधनांच्याही मर्यादा होत्या. तळ मधोमध व कडेला सारखाच ताणला जाईल, याची खात्री नसे. पेशी व औषधे पुष्कळ खर्ची पडत. मुख्य म्हणजे फुप्फुसात पेशीच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त असते; बशीत मात्र सर्वत्र एकच द्रव. ही रचना उभी करायची तर उपकरण पेशीच्याच मापाचे व्हायला हवे होते.

रबरी शिक्क्यासारखे यंत्र

हे लघुरूप साधले ते संगणकाच्या चिप बनवण्याच्या तंत्राने. सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर प्रकाशाला संवेदनशील असा राळेसारखा लेप देतात. त्यावर नक्षीचा पडदा धरून अतिनील प्रकाश टाकतात. प्रकाश पडला तेवढा लेप कठीण होतो, उरलेला धुऊन टाकता येतो. चकतीवर आता केसाच्या जाडीच्या मापाचे उंचवटे तयार होतात. हा झाला साचा.

या साच्यावर ‘पीडीएमएस’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे सिलिकॉन रबर ओततात. मूळ द्रव आणि त्याला घट्ट करणारा द्रव सामान्यतः दहास एक या प्रमाणात मिसळतात, निर्वात पात्रात ठेवून त्यातील हवेचे बुडबुडे काढून टाकतात आणि मंद उष्णतेवर ते घट्ट होऊ देतात. मग साच्यावरून अलगद सोलून काढले की उंचवट्यांच्या जागी रबरात नेमक्या तशाच खोबणी उमटलेल्या दिसतात. बँकेत दिवसभर वापरला जाणारा रबरी शिक्का ज्या तत्त्वावर घडतो, तेच हे तत्त्व. साच्यात जे उंच, ते रबरात खोल. या तंत्राचा विकास आणि प्रसार करण्यात हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाचा १९९० च्या दशकात मोठा वाटा होता.

हे रबर या कामासाठी उपयुक्त ठरण्याची कारणे अनेक आहेत. ते पारदर्शक असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली आतील पेशी जिवंतपणी पाहता येतात. त्यातून प्राणवायू आरपार जातो, त्यामुळे पेशी गुदमरत नाहीत. ते पेशींना अपायकारक नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते ताणता येते.

श्वास घेणारी चिप

२०१० च्या जूनमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डोंगउन हु, डोनाल्ड इंग्बर आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील हार्वर्ड विद्यापीठाच्या वीस संस्थेत हे संशोधन झाले होते. त्यांनी तयार केलेले फुप्फुस हातातील पेन ड्राइव्हएवढ्या आकाराचे होते. अर्थात ते संपूर्ण फुप्फुस नव्हते. फुप्फुसाचा जो भाग हवा आणि रक्त यांना वेगळे ठेवतो आणि तरीही प्राणवायूला वाट देतो, त्या सीमेची ती प्रतिकृती होती.

तिची रचना अशी. रबरी तुकड्यात एकावर एक अशा दोन सूक्ष्म नलिका. त्यांच्यामध्ये सच्छिद्र रबराचे पातळ पटल. या पटलाची जाडी सुमारे १० मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्शाइतकी. पटलाच्या वरच्या बाजूला मानवी वायुकोशाच्या अस्तरातील पेशी आणि खालच्या बाजूला फुप्फुसातील रक्तकेशिकांच्या पेशी वाढवलेल्या. वरच्या नलिकेतून हवा, खालच्या नलिकेतून रक्तासारखा पोषक द्रव. दोन जिवंत थर, पाठीला पाठ लावून.

श्वासाची युक्ती कडेला होती. या नलिकांच्या दोन्ही बाजूंस पोकळ कप्पे ठेवलेले होते. त्या कप्प्यांतील हवा शोषली की मधल्या भिंती बाहेर ओढल्या जात आणि त्यांच्याबरोबर मधले पटल, वरच्या पेशींसह आणि खालच्या पेशींसह, ताणले जाई. हवा सोडली की पटल पूर्ववत. आपल्या शरीरातही असेच घडते. श्वासपटल खाली जाते, छातीच्या पोकळीतील दाब उतरतो आणि फुप्फुस बाहेरून ओढले जाऊन फुगते. चिपमध्ये सामान्यतः दहा टक्के ताण, मिनिटाला बारा वेळा, अशी लय ठेवलेली होती.

मग या चिपला प्रश्न विचारले गेले. हवेच्या नलिकेत ई. कोलाय जातीचे जिवाणू सोडले, तर? खालच्या द्रवातून वाहणाऱ्या मानवी श्वेतपेशी केशिकेच्या भिंतीला चिकटल्या, पटलाच्या छिद्रांतून वर आल्या आणि त्यांनी जिवाणू गिळले. शरीराच्या आत जे संरक्षण घडते, ते संशोधकांना सूक्ष्मदर्शकाखाली घडताना दिसले.

दुसरा प्रश्न आपल्या शहरी जीवनाच्या अधिक जवळचा होता. हवेतील अतिसूक्ष्म कण फुप्फुसात गेले तर काय होते? संशोधकांनी १२ नॅनोमीटर आकाराचे सिलिकाचे कण हवेच्या बाजूला सोडले. चिप स्थिर असताना पेशींवर त्यांचा परिणाम फारच थोडा झाला. ‘श्वास’ सुरू करताच पेशींमध्ये अपायकारक प्राणवायू-संयुगांचे प्रमाण वाढले आणि अतिसूक्ष्म कण रक्ताच्या बाजूला अधिक प्रमाणात पोहोचू लागले. कणांच्या या प्रवासावर श्वासाच्या हालचालीचा असाच परिणाम होतो, हे उंदराच्या फुप्फुसावर पडताळून पाहण्यात आले. तेच कण, त्याच पेशी. फरक फक्त ताणाचा. स्थिर बशीवर विसंबून राहिलो असतो तर या कणांच्या धोक्याचे मोजमाप कमी झाले असते.

ताण मारक की तारक?

२०१२ मध्ये त्याच गटाने एका औषधाचा अभ्यास केला. इंटरल्यूकिन-२ हे कर्करोगावरील उपचारात वापरले जाणारे औषध आहे. पण त्यामुळे काही रुग्णांच्या फुप्फुसात पाणी साचते आणि औषधाची मात्रा आवरती घ्यावी लागते. संशोधकांनी ते औषध चिपच्या रक्तवाहिनीच्या बाजूने सोडले. काही दिवसांत हवेची नलिका द्रवाने भरू लागली. श्वासाची हालचाल सुरू असताना ही गळती तिपटीहून अधिक होती. म्हणजे औषधाचा दुष्परिणाम केवळ रासायनिक नव्हता. ताणाचाही त्यात हात होता. ताणाला प्रतिसाद देणारे ‘टीआरपीव्ही-४’ नावाचे दार बंद करणारे एक संयुग दिल्यावर गळती रोखली गेली. अर्थात चिपवर एखादे संयुग यशस्वी होणे म्हणजे रुग्णासाठी औषध तयार होणे नव्हे. त्या दोहोंमध्ये मानवी चाचण्यांची दीर्घ वाट असते.

हे वाचून ताण म्हणजे संकटच, असा समज होण्याची शक्यता आहे. म्हणून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला याच संस्थेतील दुसरा अभ्यास लक्षात घ्यावा. वायुकोशाच्या चिपमध्ये इन्फ्लुएंझाचे विषाणू सोडले असता, श्वासाच्या लयीत ताणल्या जाणाऱ्या पेशींमध्ये विषाणूंची वाढ स्थिर पेशींच्या तुलनेत कमी झाली. सौम्य, लयबद्ध ताणाने पेशींची उपजत संरक्षणव्यवस्था जागी ठेवली होती. आतड्याच्या चिपचा अनुभवही उद्बोधक आहे. २०१२ मध्ये मानवी आतड्याच्या पेशी अशाच चिपमध्ये ठेवून त्यांना द्रवाचा मंद प्रवाह आणि आतड्याच्या हालचालीसारखा दहा टक्के ताण दिला गेला. बशीत सपाट पसरणाऱ्या त्या पेशींनी आतड्यातल्यासारख्या घड्या आणि अंकुर आपणहून घडवले.

तेव्हा प्रश्न ‘ताण हवा की नको’ असा नसून ‘किती आणि कोणत्या लयीने’ असा आहे. आणि येथे मी पुन्हा अतिदक्षता विभागातील त्या पडद्याजवळ येतो.

३७० या आकड्यामागचा हिशेब

१९९८ मध्ये अमेरिकेतील डॅनियल शुम्परलिन आणि सुझन मार्गुलीस यांनी उंदीरवर्गीय प्राण्याच्या वायुकोशातील पेशी लवचीक पटलावर वाढवून निरनिराळ्या प्रमाणात ताणल्या. अल्प ताणात पेशी तगल्या; ताण वाढवत नेला तसतसे मरणाऱ्या पेशींचे प्रमाण झपाट्याने वाढले. त्या काळी व्हेंटिलेटरवरील गंभीर रुग्णांना शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिलिटर हवा देण्याचा प्रघात होता. आजारी फुप्फुसाचा बराच भाग द्रवाने भरलेला असतो; त्यामुळे ही सारी हवा उरलेल्या थोड्या निरोगी भागात शिरते आणि तेथील पेशींना दुप्पट-तिप्पट ताण सोसावा लागतो.

निर्णायक पुरावा रुग्णांवरील चाचणीने दिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बहुकेंद्री अभ्यासात ८६१ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला प्रतिकिलो १२ मिलिलिटर आणि दुसऱ्याला ६ मिलिलिटर, असे हवेचे सुरुवातीचे प्रमाण ठेवले. पहिल्या गटातील मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्के होते, तर दुसऱ्या गटातील ३१.० टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी नियोजित वेळेआधीच थांबवण्यात आली. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही; केवळ ताण कमी केल्याने दर शंभरांमागे आठ-नऊ माणसे अधिक वाचली.

यातील ‘किलो’ मात्र काट्यावरचे नव्हेत. माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. फुप्फुसांचे आकारमान उंचीवर आणि लिंगावर अवलंबून असते. म्हणून पुरुषांसाठी असे सूत्र वापरतात : सेंटिमीटरमधील उंचीतून १५२.४ वजा करावेत, बाकीला ०.९१ ने गुणावे आणि त्यात ५० मिळवावेत. माझ्या वडिलांच्या बाबतीत हे उत्तर ६१.५ किलो येते. त्याला सहाने गुणले की ३६९. पडद्यावरच्या ३७० चा उलगडा मला असा, काही महिन्यांनी, कागदावर आकडेमोड करताना झाला. जो आकडा मला त्या रात्री कंजूषपणाचा वाटला होता, तो वास्तविक त्यांच्या पेशींची राखण करीत होता.

मर्यादा आणि पुढील वाट

कोणत्याही नव्या साधनाविषयी लिहिताना जमेबरोबर नावेची बाजूही मांडली पाहिजे. पीडीएमएस हे रबर काही औषधांचे रेणू स्वतःत शोषून घेते. मग पेशीला प्रत्यक्षात किती औषध मिळाले, याचा हिशेब चुकतो. चिपमधले पटल १० मायक्रोमीटर जाडीचे, तर आपल्या फुप्फुसात हवा व रक्त यांच्यामधील सीमा बहुतांशी एका मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असते. २०१० च्या चिपमध्ये वायुकोशाच्या बाजूला वापरलेल्या पेशी कर्करोगाच्या गाठीपासून मिळवलेल्या वाणातील होत्या. पुढील अभ्यासांत दात्यांकडून मिळालेल्या पेशी वापरल्या जाऊ लागल्या. शिवाय फुप्फुसात पेशींचे कितीतरी प्रकार एकत्र नांदतात. चिपमध्ये मोजकेच असतात.

या उणिवांवर काम चालू आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये रबराऐवजी कोलॅजेन आणि इलास्टिन या शरीरातीलच प्रथिनांचे ताणता येणारे पटल वापरून वायुकोशांच्या मापाच्या जाळीची चिप सादर केली.

कायद्यानेही या साधनांची दखल घेतली आहे. प्राण्यांवर निर्धोक ठरलेले औषध माणसावर तसेच ठरेल याची शाश्वती नसते, कारण उंदीर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने मानवी चाचणीपूर्वी प्राण्यांवरील प्रयोगांची सक्ती काढून टाकली आणि अवयव-चिपसारख्या पर्यायांना वाव दिला. आपल्या देशातही २०२३ मध्ये औषधांच्या चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत दुरुस्ती होऊन अशा पर्यायी पद्धतींना स्थान मिळाले. प्राण्यांवरील प्रयोग यामुळे लगेच थांबतील असे नाही. परंतु औषध माणसापर्यंत नेण्यापूर्वी मानवी पेशींचे मत घेण्याची एक अधिकृत वाट मोकळी झाली आहे.

वाचकहो, वडील आता रोज सकाळी फेरफटका मारतात. जिना चढताना थोडे थांबतात आणि दोन दीर्घ श्वास घेऊन पुढे निघतात. त्यांच्यामागून चढताना मला कधी कधी त्या पेन ड्राइव्हएवढ्या चिपची आठवण होते. मिनिटाला बारा वेळा, दहा टक्के. एका श्वासात किती हवा पुरेशी आणि किती जादा, याचे उत्तर शोधण्यासाठी कोणीतरी रबराच्या पापुद्र्यावर पेशी ठेवून त्यांना पुनःपुन्हा ताणून पाहिले होते. त्या रात्री डॉक्टरांनी उंची विचारली, तेव्हा त्या प्रश्नामागे एवढे काम उभे होते, हे मला माहीत नव्हते.